तेवीस प्रोजेक्ट, एक प्रेस आणि गुरुवार

मला आर अँड डी (म्हणजे संशोधन आणि विकास विभाग) दिलं तेव्हा कुणी ऑर्डर वगैरे काढली नाही. २०२१ चा ऑगस्ट असेल, दुसऱ्या लाटेनंतर कंपनी जेमतेम रुळावर येत होती, साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला (चहा मागवला की समजायचं काहीतरी गळ्यात पडणार) आणि म्हणाले, "प्रॉडक्शन आता धाकटे बघतील, तू ते नवीन नवीन जे काय चाललंय ना आपलं, ते सांभाळ." म्हटलं साहेब, नवीन काय काय चाललंय? तर म्हणाले, "तेच तर तू सांगायचंय मला."

आमची कंपनी भोसरीत. रबराचे पार्ट बनवतो, ग्रोमेट, गॅस्केट, ओ-रिंग, बेलो, बरेचसे गाड्यांसाठी आणि थोडे पंपवाल्यांसाठी. माणसं शंभरच्या आतबाहेर. मी तिथे १४ वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढलेली, त्यामुळे प्रेस (साच्यातलं रबर दाबून शिजवायचं मशीन), शिफ्ट, रिजेक्शन आणि डिस्पॅच याच्यापलीकडे जग असतं हे विसरूनच गेलेलो. आणि आर अँड डी म्हणजे काय होतं, तर क्वालिटीच्या खोलीतला खिडकीजवळचा कोपरा, एक टेबल, एक हार्डनेस मीटर जो क्वालिटीवाले सारखा उचलून न्यायचे, आणि एक मॅडम, पॉलिमर शिकून नुकत्या लागलेल्या, ज्यांना वर्षभर फक्त रिपोर्ट टाइप करायला लावलं होतं.

पहिला महिना मी नुसती यादी केली, दुसरं काहीच नाही. व्हाइटबोर्डवर ७ प्रोजेक्ट लिहिलेले होते. मार्केटिंगच्या एक्सेलमध्ये ११, त्यातले ४ बोर्डवरचेच पण नावं वेगळी. टूलरूमच्या काकांची एक डायरी आहे, बँकेची फुकट मिळालेली, त्यात अजून ५ सापडले. आणि मोल्डच्या (म्हणजे साच्यांच्या) रॅकवर सगळ्यात खाली ४ मोल्ड असे निघाले की ज्यांचा कागदच कुठे नव्हता, फक्त लोखंड. बेरीज २३. त्यातल्या ९ प्रोजेक्टना मूळ कुणी सांगितलं होतं हे कुणालाच आठवेना. "साहेबांनी सांगितलं असेल," असं प्रत्येक जण म्हणे, आणि साहेबांना विचारलं तर ते म्हणत, "कस्टमरनं मागितलं असेल ना रे."

आता गंमत म्हणजे या २३ पैकी एकही बंद नव्हता. सगळे "चालू". विचारलं की उत्तर ठरलेलं, "ट्रायल बाकी आहे." खर्च कुठे टाकला जातो हे अकाउंट्समध्ये विचारलं तर नवीन मोल्डचे पैसे टूल मेंटेनन्समध्ये, ट्रायलचं कंपाउंड (रबरात रसायनं मिसळून केलेलं मिश्रण) स्क्रॅपमध्ये, आणि प्रेसचा वेळ तर कुठेच नाही. म्हणजे वर्षाला आपण नवीन कामावर किती घालवतो हे कुणी विचारलं असतं तर उत्तर शून्य आलं असतं आणि ते सगळ्यांना आवडलंही असतं.

मग मी वाचायला लागलो. इंजिनियर माणूस, मॅनेजमेंटचं वाचायची सवय नाही, पण रात्री जेवण झाल्यावर बसायचो. कॅनडातले रॉबर्ट कूपर म्हणून आहेत, त्यांनी १९८० च्या दशकात स्टेज-गेट म्हणून पद्धत मांडली, की प्रोजेक्टचे टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्याच्या आधी एक दार, दारात उभं राहून ठरवायचं पुढे जाऊ द्यायचं का इथेच थांबवायचं. नासाची टेक्नॉलॉजी रेडिनेस लेव्हल पण वाचली, १ ते ९, म्हणजे नुसत्या तत्त्वापासून ते प्रत्यक्ष मोहिमेत वापरून सिद्ध झालेल्या गोष्टीपर्यंत. हे दोन्ही साहेबांपुढे ठेवलं तर साहेब म्हणाले आपण काय रॉकेट सोडतोय का. बरोबरच होतं त्यांचं. नऊ पायऱ्या आम्हाला काय करायच्यात.

पण एका गोष्टीनं खरंच डोळे उघडले. फ्रास्काती मॅन्युअल म्हणून आहे, इटलीतल्या फ्रास्काती गावात १९६३ मध्ये तज्ज्ञांची बैठक झाली त्यावरून ते नाव पडलं, संशोधन कशाला म्हणायचं आणि कशाला नाही हे ठरवायला देशोदेशीचे लोक तेच वापरतात. त्यात पाच कसोट्या दिल्यात आणि त्यातली एक आहे अनिश्चितता. म्हणजे उत्तर आधीच माहीत असेल तर ते संशोधन नाही. हे वाचून मी दुसऱ्या दिवशी यादी परत घेऊन बसलो आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला, याचं उत्तर आपल्याला माहिती आहे का?

१३ प्रोजेक्टचं उत्तर माहिती होतं. कस्टमरचं ड्रॉइंग आलंय, मोल्ड बनवायचा, सॅम्पल द्यायचं, पीपीएपीची (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची पद्धत) १८ कागदपत्रं भरायची, सही घ्यायची. मेहनत आहे, तारीख चुकते, पण अज्ञात असं काही नाही. अजून ४ मध्ये कंपाउंड स्वस्त करायचं होतं, तिथे थोडंफार अज्ञात. खरं अज्ञात फक्त ६ मध्ये. आणि आम्ही या सगळ्यांना एकाच मीटिंगमध्ये, एकाच फॉरमॅटमध्ये, "तारीख काय देतोस?" या एकाच प्रश्नानं हाकत होतो. ड्रॉइंगवाल्या कामाला तारीख मागणं बरोबर आहे, तिथे तारीख दिलीच पाहिजे. पण ज्याचं उत्तरच माहिती नाही त्याला तारीख मागितली की माणूस खोटी तारीख देतो, आणि मग पुढचे सहा महिने त्या खोट्या तारखेचं समर्थन करण्यात जातात. मी स्वतः दिल्यात अशा तारखा, प्रॉडक्शनमध्ये असताना.

तर १३ कामं डेव्हलपमेंटवाल्यांकडे सरळ देऊन टाकली. राहिलेल्या १० साठी एक पानाचा कागद केला, मराठीत, कारण इंग्रजीत केला की लोक कुठून तरी कॉपी करून भरतात. त्यावर चारच गोष्टी. हे घेणार कोण, आणि तिथे कंपनीचं नाव चालणार नाही, ज्या माणसाशी बोललात त्याचं नाव पाहिजे. यातली कुठली गोष्ट खोटी निघाली तर सगळंच संपतं, आणि ती सगळ्यात स्वस्तात कशी तपासता येईल. प्रेसचे किती तास लागतील. आणि शेवटचं, काय झालं तर आपण हे बंद करणार, ते आजच लिहायचं. या शेवटच्या रकान्यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी पैशावरून पण झाली नाहीत. मार्केटिंगवाले म्हणाले हे अपशकुनी आहे. लग्न ठरवतानाच घटस्फोटाचं कोण लिहितं. मी म्हटलं लग्न नाही हो, भाड्याचं घर आहे, करारात सोडायची अट असतेच की.

बरं, कागद झाला पण प्रेस कुठाय? हा आमच्याकडचा खरा प्रॉब्लेम आणि माझ्या मते सगळ्याच कारखान्यांचा. आयडियांना तोटा नसतो, मशीन नसतं. आमच्याकडे मोठ्या प्रेस सहा, सहाही भरलेल्या, आणि ट्रायलसाठी प्रेस मागितली की पीपीसीवाला (कुठल्या मशीनवर कधी काय चालवायचं ते ठरवणारा) असं बघायचा जसं मी त्याच्या घरातला फ्रिज उचलून न्यायला आलोय. महिन्याचा डिस्पॅच पंचवीस तारखेनंतर पेटलेला असतो, तेव्हा तर नावच काढायचं नाही. साहेबांनी मग तोडगा काढला, गुरुवार घ्या म्हणाले, गुरुवारी कंपनीला सुट्टी, सगळ्या प्रेस तुमच्या. मी खूश. आणि पहिल्याच गुरुवारी सकाळी दहा वाजता लाइट गेली. पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको, गुरुवार हा महावितरणचा देखभालीचा वार, म्हणून तर सुट्टी गुरुवारची. प्लेटन (प्रेसची तापलेली पाटी) १७० डिग्रीवरून उतरत उतरत ११० वर, मोल्डमध्ये रबर अर्धं शिजलेलं, म्हणजे कच्ची इडली जशी साच्याला चिकटते तसं. काकांनी आणि मी पितळेच्या खरवडणीनं संध्याकाळपर्यंत ते काढलं. जनरेटर होता पण ट्रायलसाठी डिझेल जाळायला परवानगी नव्हती.

असे तीन गुरुवार गेले. चौथ्या आठवड्यात मॅडमनी जी आयडिया काढली ती मी आजही सगळ्यांना सांगतो. त्या म्हणाल्या, "सर, पीपीसीचं सॉफ्टवेअर फक्त कस्टमरला मशीन देतं. मग आपण कस्टमर होऊया ना." आम्ही आर अँड डीला कस्टमर कोड टाकला. ट्रायलला पार्ट नंबर दिला, प्लॅनमध्ये क्वांटिटी टाकली, बुधवारी सेकंड शिफ्टचे शेवटचे चार तास, प्रेस नंबर तीन. आता पीपीसीच्या रिपोर्टमध्ये ट्रायल नाही झाली की "शेड्यूल चुकलं" असं लाल दिसायला लागलं, आणि लाल दिसलं की धाकटे साहेब विचारतात. जे काम दोन महिने विनवण्या करून झालं नाही ते एका कोडनं झालं. साहेबांना हे कळलं तेव्हा आधी रागावले, मग हसले, मग म्हणाले बिल पण लावा मग. तर मी खरंच लावलं. प्रेसचा आमच्याकडचा रेट तासाला साडेचारशे धरला ऑपरेटरसकट, आणि प्रत्येक प्रोजेक्टच्या नावावर तास लिहायला सुरुवात केली. मागचं जेवढं लॉगबुकात सापडलं तेवढंही लिहिलं. या तासांनी पुढे काय केलं ते सांगतो, पण आधी गॅस्केट.

२०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्याच्या बातम्या आल्या होत्या ते आठवत असेलच. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे नियम, एआयएस-१५६, कडक झाले, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. त्यामुळे बॅटरी पॅक बनवणारे सगळेच घाईत. चाकणच्या एका पॅकवाल्यांनी आमच्याकडे गॅस्केट मागितलं, ॲल्युमिनियमचा बॉक्स, वर झाकण, मध्ये फट बंद करायला सिलिकॉनचं गॅस्केट, आयपी ६७ पाहिजे. आयपी ६७ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि ७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून ठेवलं तरी नुकसान होईल इतकं पाणी आत जायला नको. वरवर बघता हे ड्रॉइंगवालं काम. मी डेव्हलपमेंटला देऊन मोकळा झालो.

पहिलं सॅम्पल पास. मग त्यांनी वीस पॅक रस्त्यावर चालवायला दिले आणि पावसाळ्यात तीन परत आले, आत पाणी. आमच्यावर मेल, मेलमध्ये आठ लोक सीसीत. आम्ही परत बुडवून बघितलं, पास. बाहेरच्या लॅबमध्ये बघितलं, पास. ते म्हणतात गॅस्केट खराब, आम्ही म्हणतो बोल्ट नीट आवळले नाहीत, दीड महिना हेच. आमच्याकडे कंप्रेशन सेटचे रिपोर्ट काढले. म्हणजे रबर पंचवीस टक्के दाबून ओव्हनमध्ये ठेवायचं आणि सोडल्यावर ते किती परत येत नाही ते मोजायचं, जितकं कमी तितकं चांगलं. एका लॉटला १८ टक्के आणि दुसऱ्याला ४१! तेच कंपाउंड, तोच मोल्ड, तोच ऑपरेटर. चार दिवस डोकं खाजवलं. शेवटी नाइट शिफ्टच्या सुपरवायझरला चहाच्या टपरीवर गाठलं, ऑफिसात विचारलं असतं तर सांगितलं नसतं त्यानं, तर म्हणाला, "साहेब ओव्हन दुसऱ्या ऑर्डरनं भरलेला होता, म्हणून तेवढा लॉट तसाच पॅक केला." सिलिकॉनला प्रेसमधून काढल्यावर ओव्हनमध्ये २०० डिग्रीला चार तास परत शिजवायचं असतं, पोस्ट क्युअर, त्यानं आतला उरलासुरला पेरॉक्साइडचा कचरा निघून जातो आणि रबर स्थिर होतं. ते वगळलं की पार्ट दिसायला सेम, हाताला सेम, आणि सहा महिन्यांनी चपटा. त्याला ओरडून उपयोग नव्हता कारण त्याच्या कार्डवर पोस्ट क्युअर लिहिलेलंच नव्हतं, ते माझ्या फाईलमध्ये होतं. माझ्या फाईलमध्ये! शॉपफ्लोअरला ती फाईल कोण उघडणार.

मला वाटलं सापडलं कारण. पण मॅडम म्हणाल्या थांबा, परत आलेल्या तीन पॅकपैकी दोन तर चांगल्या लॉटचे आहेत. मग? मग त्यांनी एक काम केलं जे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं, त्या तिन्ही गाड्या चालवणाऱ्यांना फोन करून विचारलं की पाणी गेलं त्या दिवशी नेमकं काय झालं होतं. तिघांचं उत्तर जवळपास एकच. गाडी चालवून आलो, चिखल लागला होता, लगेच पाइप लावून धुतली.

त्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये त्या डबा उघडत होत्या आणि डबा उघडेना. सकाळी गरम गरम भाजी भरून झाकण लावलेला स्टीलचा डबा, गार झाला की गच्च बसतो, सगळ्यांच्या घरी होतं हे. डबा तसाच हातात धरून त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला आधी वाटलं उघडून मागतायत.

गाडी चालवून आली की पॅक साधारण ६० डिग्री. बोअरचं पाणी २५. आतली हवा एकदम गार होते, दाब दहा-साडेदहा टक्क्यांनी पडतो, म्हणजे साधारण ०.१ बार. आणि एक मीटर पाण्याचा दाब किती? तोही साधारण ०.१ बारच. म्हणजे गरम पॅकवर नुसता पाइप मारला तरी तो आतून एवढं ओढतो की जणू एक मीटर खोल पाण्यात टाकलाय. मग आयपी ६७ च्या चाचणीत हे का दिसत नाही? आम्ही स्टँडर्ड काढून नीट वाचलं, आधी कुणी पूर्ण वाचलंच नव्हतं हे कबूल करतो. त्यात लिहिलंय की पाण्याचं आणि वस्तूचं तापमान ५ डिग्रीपेक्षा जास्त वेगळं असता कामा नये. चाचणी चुकीची नाहीये, ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. आम्ही लॅबमध्ये गार पॅक गार पाण्यात बुडवून पास पास करत बसलो होतो.

त्या दिवशी हे काम ड्रॉइंगवाल्या ढिगातून अज्ञातवाल्या ढिगात आलं. तसा कागद भरला. बंद करायची अट लिहिली, चार महिन्यांत गरम पॅक, गार पाणी अशी चाचणी पाच वेळा पास झाली नाही तर कस्टमरला सांगायचं आमच्याच्यानं होत नाही. साहेबांनी सही केली पण पेन बराच वेळ हवेत होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो कारण ते इंजिनियरिंगचं नेहमीचं आहे. गॅस्केटची सपाट पट्टी बदलून दोन ओठांची केली, बोल्टच्या भोकात ॲल्युमिनियमच्या बुशी (छोट्या नळ्या) घातल्या म्हणजे कुणी कितीही आवळलं तरी रबर ठरल्यापेक्षा जास्त दबणार नाही, आणि दोन बोल्टच्या मध्ये झाकण वाकून उचलायचं तिथे झाकणाला एक रिब (मजबुतीची उभी पट्टी) द्यायला लावली. सुधारणा झाली, पाचपैकी तीन पास. पण बाकी दोन हटेचनात. आणि खरं उत्तर आम्हाला तोपर्यंत समजलेलं होतं, की दाब पडायलाच द्यायचा नाही. बॉक्सला एक छोटा श्वास घ्यायचा व्हेंट लावायचा, ज्यात पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा) सच्छिद्र पडदा असतो, हवा जाते, पाणी जात नाही. तो पडदा आम्ही बनवत नाही, बनवूही शकत नाही.

यावरून कंपनीत महाभारत. मार्केटिंग म्हणतं कस्टमरला दुसऱ्याचा पार्ट घ्यायला आपण का सांगायचं, आपण रबरवाले, आपलं गॅस्केट पास झालंय ना लॅबमध्ये, विषय संपला. धाकटे साहेब म्हणतात सांगितलं तर ते म्हणतील मग तुमचं महागडं दोन ओठांचं गॅस्केट कशाला. मी दोन रात्री नीट झोपलो नाही. शेवटी चाकणला गेलो, तळेगाव चौकात पाऊण तास अडकलो नेहमीप्रमाणे, आणि त्यांच्या डिझाइनच्या माणसापुढे बादली मागवली. पॅक ओव्हनमध्ये तापवला, बादलीत टाकला, उघडून दाखवला. मग व्हेंट लावलेला दुसरा पॅक, तोच खेळ, कोरडा. तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तुमचा पार्ट नाही ना हा?" म्हटलं नाही. ऑर्डर राहिली आमच्याकडेच, दोन ओठांच्या गॅस्केटची. भाव मात्र चार टक्के पाडला, ते काय सोडतात होय.

इथेच एक मूर्खपणा पण सांगून टाकतो. धाकट्या साहेबांनी ते बुशीसकट गॅस्केट एका प्रदर्शनात स्टॉलवर मोठ्या फोटोसकट मांडलं, आणि परत आल्यावर म्हणाले याचं पेटंट टाकूया. पेटंटवाले वकील म्हणाले, लोकांना दाखवून झालं का, मग आता अवघड आहे. प्रदर्शनाची सवलत कायद्यात आहे पण ती केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढलेल्या प्रदर्शनांनाच, आपलं त्यातलं नव्हतं. आधी साधा प्रोव्हिजनल अर्ज टाकला असता तर पूर्ण अर्जाला बारा महिने मिळाले असते आणि लघुउद्योगाला फीसुद्धा कमी आहे. तेव्हापासून आमच्या कागदावर पाचवा रकाना आला, "बाहेर कुणाला दाखवलंय का?"

तसंच ते डीएसआयआरचं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन विभागाचं. साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं की केंद्राच्या या विभागाकडून आर अँड डीला मान्यता घेतली की आयकरात खर्चाच्या दुप्पट वजावट मिळते. सीए म्हणाले, मिळायची. २०० टक्के होती, ती २०१७-१८ पासून दीडशे झाली आणि १ एप्रिल २०२० पासून शंभर, म्हणजे जेवढा खर्च तेवढीच. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मान्यतेचे बाकी फायदे आहेत, पण त्यासाठी संशोधनाचा विभाग रोजच्या उत्पादनापासून आणि क्वालिटीपासून वेगळा दिसायला हवा, वेगळी जागा, वेगळी माणसं. आमचा तर हार्डनेस मीटरसुद्धा सामायिक. अर्ज अजून केलेला नाही. पण त्या निमित्तानं मला स्वतःचा हार्डनेस मीटर मिळाला, त्यावर मी लाल पेंट मारून ठेवलाय.

आता ते तास. २०२३ च्या दिवाळीच्या आधी मी प्रोजेक्टवार हिशेब काढला आणि वरून दुसऱ्या नंबरला जे नाव आलं ते बघून मॅडम म्हणाल्या, सर हे मीटिंगमध्ये नका दाखवू. गोठ्यातली मॅट. साहेबांचा लाडका प्रोजेक्ट. साहेब मूळचे जुन्नरकडचे, गावाकडे अजून गुरं आहेत, कुणाच्या तरी गोठ्यात त्यांनी रबराची मॅट बघितली आणि डोक्यात बसलं की हे आपण करायचं. ती यादीतल्या डायरीवाल्या पाचमधली होती. मला आर अँड डी मिळायच्या चार वर्षं आधीपासून चालू.

हिशेब असा. प्रेस ३१० तास, म्हणजे एक लाख एकोणचाळीस हजार पाचशे. मोल्ड तीन, मिळून साडेचार लाख. कंपाउंड साठ हजार. साडेसहा लाखांच्या आसपास, सहा वर्षांत, आणि विक्री शून्य. आणि न होण्याचं कारण पहिल्याच महिन्यात कळण्यासारखं होतं. गाईची मॅट साधारण साडेसहा बाय चार फूट लागते, आमच्या प्रेसची प्लेटन ६०० बाय ६०० मिलिमीटर. म्हणून आम्ही तुकडे करून जिगसॉसारखे जोडत होतो, आणि जोड म्हटला की त्यात शेण, मूत्र जाणार, खुरानं कडा उचलणार. हे सांगायला आर अँड डी लागत नाही, कुठल्याही गवळ्यानं सांगितलं असतं. तरी सहा वर्षं आम्ही जोडाचा आकार बदलत राहिलो कारण साहेबांना कोण सांगणार.

मी मीटिंगमध्ये दाखवलं नाही, त्यांच्या केबिनमध्ये एकट्याला दाखवलं. तोच एक पानाचा कागद, मागच्या तारखा टाकून भरलेला, बंद करायच्या अटीचा रकाना मात्र रिकामा. म्हटलं साहेब, तो तुम्ही भरा. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "तीनशे दहा तास बरोबर मोजलेस?" म्हटलं लॉगबुकवरून. "हं." मग फोन आला त्यांना, मी बाहेर आलो. आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. मॅडम रोज सकाळी खुणेनं विचारायच्या, काय झालं, आणि मी खांदे उडवायचो.

पुढच्या बुधवारी कागद टेबलावर परत आला. रिकाम्या रकान्यात त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, "प्लेटनपेक्षा मोठा पार्ट घ्यायचा नाही." खाली सही. आणि कोपऱ्यात बारीक, "चार मॅट गाडीत ठेव, गावाला नेतो."

मोल्डना लाल टॅग लावले. काकांनी विचारलं भंगारात काढू का, मी म्हटलं नको, बेस प्लेट चांगल्या आहेत, दुसऱ्या कामाला लागतील. आणि लागल्या, एक लागली पंपाच्या गॅस्केटला.

साहेबांनी एकदा बंद केल्यावर बाकीच्यांना बंद करणं एवढं सोपं झालं की मलाच भीती वाटायला लागली. त्या तिमाहीत अजून पाच बंद झाले, त्यात एक कंपाउंडवाला मला वाटतं घाईनं बंद केला, तो अजून डोक्यात आहे. प्रत्येक बंद कामाची फाईल ठेवतो, शॉपफ्लोअरवरच्या कपाटात, माझ्या टेबलात नाही. वर लिहिलेलं असतं का बंद केलं आणि काय बदललं तर परत उघडायचं. मॅटच्या फाईलवर लिहिलंय, मोठी प्रेस आली तर.

दिवाळीनंतर महिनाभरानं, गुरुवार होता, लाइट गेलेली, मी घरी. साहेबांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, गावच्या गोठ्यातला. चारही मॅट नीट जोडून अंथरलेल्या, आणि म्हैस त्यांच्या शेजारी मातीत बसलेली. खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी फोटोची प्रिंट काढून फाईलला लावली.